मुलाची चाचणी: सरकारी रुग्णालयात की खासगी तज्ज्ञाकडे?

मूल वाचन-लेखनात किंवा गणितात मागे पडतंय म्हणून शाळेने ‘एकदा असेसमेंट (म्हणजे बुद्धी आणि अभ्यासाच्या चाचण्या) करून घ्या’ म्हटलं की पालक आधी फी विचारतात. त्याआधी ठरवा, रिपोर्ट नेमका कशासाठी हवाय? बोर्डाच्या सवलतींसाठी, की मूल कुठे अडतंय ते कळावं म्हणून?

सवलतींसाठी (जादा वेळ, लेखनिक वगैरे) हवा असेल तर सरकारी रुग्णालयाची पायरी चुकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात मूल अडतं, तिचा) समावेश झाला, आणि प्रमाणपत्र सरकारने अधिकार दिलेल्या रुग्णालयाकडूनच मिळतं; मुंबईत सायन, नायर, केईएम ही त्यातली नेहमीची नावं. केंद्राच्या 2018 च्या सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांनंतरच, आणि मग 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी. म्हणजे पहिलीतल्या पोराच्या प्रमाणपत्रासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत गप्प बसणं त्याहून वाईट, कारण रांग मोठी असते. खर्च किरकोळ, खेपा मात्र बऱ्याच: बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. प्रत्येक खेपेला आई किंवा बाबांची रजा.

खासगीत तारीख लवकर मिळते, फी हजारांत जाते. चाचण्या बहुधा त्याच जातकुळीतल्या असतात. डॉ. मलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी दोन्हीकडे वापरतात; तिचे भाषिक आणि कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. खरी गंमत त्या दोन भागांतल्या फरकात असते. एखादं मूल भाषिक भागात ‘7, 3, 9’ हे आकडे उलट क्रमाने सांगताना अडखळतं, आणि तेच मूल कृतिप्रधान भागात रंगीत ठोकळ्यांची नक्षी चुटकीसरशी लावतं. रिपोर्टात नुसता ‘बुद्ध्यांक 98’ लिहिला तर हे सगळं झाकलं जातं. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा: प्रत्येक उपचाचणीचे गुण देणार का? पुढे काय करायचं ते लिहून देणार का? तज्ज्ञाची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी आहे का? आणि चाचणी कोणत्या भाषेत? घरात मराठी, शाळा इंग्रजी अशा मुलाला शब्दार्थ फक्त इंग्रजीत विचारले तर बुद्धीऐवजी इंग्रजीच मोजली जाते. आपल्याकडे हे सर्रास चालतं.

एक गोची लक्षात ठेवा. तीच चाचणी थोड्याच काळात पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. खासगीत केली असेल तर सरकारी रुग्णालयात ते लपवू नका, रिपोर्ट सोबत न्या.

माझं मत विचाराल तर तिसरी-चौथीत, ऐपत असेल तर, खासगी बरं. त्या वयात कागदापेक्षा उपचारात्मक शिकवणी (मूल जिथे अडतं ते वेगळ्या पद्धतीने शिकवणं) लवकर सुरू होणं जास्त मोलाचं. सातवीपासून मात्र सरकारी रुग्णालयात नंबर लावूनच टाका. ऐपत नसेल तर थेट तिथेच जा, आणि विशेष शिक्षकांबद्दल तिथेच विचारा.

मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे ते पाहणाऱ्या कलचाचणीचं प्रकरण निराळं. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली; पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत अशा चाचण्या होतात. नववी-दहावीआधी ती करण्याची घाई नको, आवडीनिवडी तोवर बदलत राहतात. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. तिला शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगून टाकलंय.

कुठेही गेलात तरी शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि वह्यांच्या झेरॉक्स न्या. फळ्यावरून उतरवून घेतलेल्या नीटनेटक्या वह्या नकोत; मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली, खाडाखोडीची पानं हवीत. अक्षरं कुठे गाळतो, कुठे उलटी काढतो, ते त्यातच दिसतं.