‘प्युअर कॉपर’ स्पीकर वायर, आत ॲल्युमिनियम

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी वरच्या खोलीत स्पीकर बसवले. ॲम्प (ॲम्प्लिफायर) खाली हॉलमध्ये, मध्ये 12 मीटर वायर. दुकानातून पारदर्शक आवरणाची जाडजूड दुपदरी वायर आली: ‘अडीच स्क्वेअर, ओएफसी, प्युअर कॉपर’, म्हणजे 2.5 चौ. मिमी छेदाचं, ऑक्सिजनविरहित शुद्ध तांबं. बिल कच्चं. वर प्रत्येक चॅनलच्या वायरीच्या टोकाला 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून दिले. बेस ढिला, आवाज वाढवला की ॲम्प बंद. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘तुमचा ॲम्प कमी पडतोय, मोठा घ्या.’

वायर सोलून तारा मोजल्यावर उलगडा झाला. अडीच स्क्वेअरमध्ये 0.3 मिमीच्या साधारण 36 तारा असतात. इथे 0.2 मिमीच्या 24 निघाल्या, म्हणजे जेमतेम 0.75 स्क्वेअर. जाडी सगळी प्लॅस्टिकची, आणि पारदर्शक आवरण भिंगासारखं आतली तार फुगवून दाखवतं. ब्लेडने एक तार खरवडली तर खाली चांदीसारखा पांढरा धातू: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात ज्याला सीसीए म्हणतात. (कथिलाचा मुलामा दिलेलं खरं तांबं याच्या उलट दिसतं, वरून पांढरं आणि आतून लाल. ते टाकून देऊ नका.) लायटरच्या ज्योतीत अशी बारीक तार वितळून वाकडी होते, तांब्याची लाल होऊन टिकते.

आता हिशोब. जाऊन-येऊन लांबी 24 मीटर. खऱ्या अडीच स्क्वेअर तांब्याचा रोध सुमारे 0.17 ओहम आला असता. या वायरीचा 0.85 च्या आसपास. दोन समांतर स्पीकर मिळून होणाऱ्या 4 ओहमच्या भारावर ॲम्पच्या ताकदीचा सहावा हिस्सा वायरीतच तापून जातो आणि स्पीकरच्या शंकूवर ॲम्पचा ताबा राहत नाही. बेस ढिला होतो तो त्यामुळे. वायरीचा रोध भाराच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा: 8 ओहमला 0.4, 4 ओहमला 0.2.

ॲम्प बंद पडण्याचं कारण मात्र वेगळं आणि ते वायर बदलून जाणार नाही. त्याच्या पाठीवर ‘किमान 8 ओहम’ छापलेलं, आणि 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर म्हणजे 4 ओहम. आवाज दबला म्हणून नॉब आणखी फिरवायचा, की प्रोटेक्शन (ॲम्प स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतो ती सोय) लागणारच. प्रत्येक स्पीकरला वेगळी वायर ओढून त्याच टर्मिनलला जोडली तरी भार 4 ओहमच राहतो. दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे असतील तर मालिकेत जोडा, 16 ओहम होतात. आवाज कमी, पण ॲम्प सुखरूप. नाहीतर 4 ओहम चालणारा ॲम्प हवा. मोठे वॉट असून किमान 8 ओहमच असलेला घेतला तर तोही असाच बंद पडेल. ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या एकत्र चालवण्याची सोय ॲम्पला असेल तर पाठीमागे ‘ए+बी’समोरचा ओहमचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो वाचा.

खरं तर ओएफसीच्या नादी लागायचं कारणच नाही. घरच्या वायरिंगची आयएसआय शिक्क्याची अडीच स्क्वेअर तांब्याची वायर, एक लाल आणि एक काळी, पिळून घेतली की उत्तम काम देते. गावभाग, मारुती चौक अशा पुराचं पाणी येणाऱ्या भागात ती स्कर्टिंगमधून न नेता वरून न्या. जुनी सीसीएच वापरत असाल तर हे जास्तच पाळा, ओल लागली की तिची उघडी टोकं लवकर गंजतात.

घेताना वजन करा. 10 मीटर दुपदरी अडीचमध्ये नुसतं तांबंच सुमारे 450 ग्रॅम भरतं. शेजारच्या किराणा दुकानातला तराजूही चालेल. पक्क्या बिलावर ‘तांबे, 2.5 चौ. मिमी’ लिहून घ्या आणि वायरीचा वीतभर तुकडा बिलाला टाचून ठेवा. दुकानदाराने हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते.