सात दिवसांचा गोळ्यांचा डबा: साडेतीन वर्षं वापरतेय, सविस्तर लिहिते

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर जातं, कधी खोल मंदीत उतरतं, असा आजार, निदान होऊन अकरा वर्षं झाली. डब्याच्या रिव्ह्यूमध्ये हे आधीच सांगायला हवं, कारण ऑनलाइन या डब्याखाली मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे 'आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी घेतला, मस्त आहे' नाहीतर 'झाकण तुटलं, पैसे वाया' असेच होते. मनाच्या आजाराच्या गोळ्या यात ठेवतो असं एकानेही लिहिलं नव्हतं, आणि मला तर तेच वाचायचं होतं.

तर डबा असा. सात सुट्या डब्या, एकेका डबीला चार कप्पे, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र, आणि सातही डब्या एका ट्रेमध्ये बसतात. पहिला मी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या मेडिकलमधून ९० रुपयांना घेतला होता, ती एकच लांब पट्टी, दिवसाला एकच कप्पा, चार महिन्यांत झाकणं सैल पडली. आताचा २६० चा, ऑनलाइन मागवलेला, आणि हा खरंच टिकलाय.

डब्याच्या आधी माझ्या गोळ्या कपाटात साड्यांच्या मागे एका जुन्या पर्समध्ये असायच्या. कामाला येणाऱ्या मावशींना दिसू नयेत, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. आणि रोज रात्री जेवणं झाली की सुरू, "गोळी घेतलीस का?" आधी नवरा, मग सासूबाई, मग माहेराहून आईचा फोन, इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी तिचंही तेच. काळजीपोटी विचारायचे, मला कळायचं ते. पण मी जरा मोठ्याने हसले तरी "गोळी घेतलीस ना गं?", भाजीवाल्याशी वाद घातला तरी तेच, भावाच्या लग्नात नाचले तेव्हा तर मावशीने बाजूला घेऊन विचारलं. साधा राग आला तरी तो आजाराच्या खात्यावर जमा. मग मी न घेताच "हो" म्हणायला लागले, आणि एकदा खोटं बोलायची सवय लागली की पुढचं सोपं असतं. दोन वर्षं बरी होते, काही त्रास नव्हता, म्हटलं आता कशाला, आणि मनानेच सगळं बंद केलं.

दीड महिना. तेवढ्यात तीन तासांच्या झोपेवर आले, रात्री दोन वाजता माळ्यावरची भांडी काढून घासायचे, एफडी मोडून सुरतेहून सव्वा लाखाचं कापड मागवलं, बुटिक काढणार होते. मग ॲडमिट, एकोणीस दिवस. नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवायची माझी मुख्य गोळी, एकदम सोडलं की आजार उलटायची शक्यता वाढते, कधी कमी करायचंच झालं तर बोलून, हळूहळू. हे मला आधीच माहीत असतं तर, असं खूप वाटतं, पण मी विचारलंच कुठे होतं, लपूनच केलं होतं सगळं.

डब्याची कल्पना ओपीडीतल्या काउन्सेलर ताईंची. त्या म्हणाल्या, डबा तुझा, भरायचा तू, ठेवायचा सगळ्यांना दिसेल असा, आणि घरच्यांनी तोंडाने विचारायचं नाही, कप्पा बघायचा. नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून त्यांच्यासमोर हे ठरलं. घरी आल्यावर डबा फ्रिजवर ठेवला, पारदर्शक झाकणाचा, आणि पहिले आठ-दहा दिवस सासूबाई रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने फ्रिजपाशी जायच्या, मान वर करून बघायच्या आणि गुपचूप झोपायला जायच्या. मला सगळं दिसायचं. पण त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि महिनाभराने ते बघणंही थांबलं. या डब्याने माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम केलं ते हे. गोळीची आठवण मोबाईलचा अलार्मही करतो, पण घरातला तो प्रश्न अलार्मने बंद झाला नसता. आता मी चिडले तर मी चिडलेली असते, नवरा माझ्याशी भांडतो, चांगला कडकडून भांडतो, गोळीचं नाव काढत नाही.

भरायचं काम रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की. कात्री, स्ट्रिपा, प्रिस्क्रिप्शन समोर. सकाळी लिथियमची ३०० ची एक, रात्री दोन, शिवाय रात्री क्वेटियापिन, ही याच आजाराची दुसरी गोळी. पंधरा मिनिटं लागतात. स्ट्रिप संपत आलीय हे रविवारीच कळतं, त्यामुळे शेवटच्या गोळीला मेडिकलमध्ये धावत जायचं आणि त्यांनी "उद्या येईल" म्हणायचं, असं होत नाही. भरताना हात कसा चालतो त्यावरून मी कशी आहे तेही कळतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मंदीत असले की डबा समोर घेऊन नुसतीच बसते, एकेक गोळी कापायचा कंटाळा येतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत उलटं झालं, पाच मिनिटांत भरून मोकळी, फोनवर मैत्रिणीशी बोलत बोलत, आणि बुधवारी रात्री बघते तर कप्प्यात दुप्पट गोळ्या नि गुरुवार रिकामा. तिथेच थबकले. मग कालनिर्णय बघितलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात मी झोपेचे तास लिहिते, नुसता आकडा, बघणाऱ्याला वाटतं दुधाचा हिशोब आहे. सात, सात, साडेसहा, पाच, चार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावलं, रात्रीचा डोस थोडे दिवस वाढवला, मी ऑफिसला तीन दिवस रजा टाकली, आणि ते तिथेच उतरलं. एकोणीस दिवसांच्या जागी तीन दिवस.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की डबा घरच्यांकडून भरून घेऊ नका. अगदी वाईट दिवस असतील तेव्हाची गोष्ट वेगळी, त्यावर खाली लिहिलंय, पण एरवी स्वतः भरा.

ट्रेच्या खाली एक घडी घातलेला कागद आहे, तोही आता डब्याचाच भाग झालाय. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय की मी बरी असते तेव्हा कशी असते, बिघडायला लागले की आधी काय दिसतं (झोप कमी, बोलणं भरभर, ऑनलाइन खरेदी, मंदीत अंघोळ टाळणं, फोन न उचलणं), तेव्हा मी काय करायचं, आणि माझं मला कळेनासं झालं तर घरच्यांनी कोणाला फोन करायचा, मला कुठे न्यायचं, कुठे नाही. ही पद्धत अमेरिकेतली, व्हर्मांट राज्यात १९९७ साली मेरी एलन कोपलँड आणि स्वतः असे आजार भोगलेल्या लोकांनी मिळून बसवलेली. तिथे तिचे रीतसर वर्ग असतात, मी वहीच्या दोन पानांत भागवलं. बरी असताना बसून लिहायचं, हे महत्त्वाचं, कारण आजारी असतानाच्या माझ्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही पण बरी असतानाच्या माझ्यावर घरचे ठेवू शकतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर असं आगाऊ लिहून ठेवायचा हक्कच दिलाय, उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं ते. ओपीडीत बाकावर बसलेल्या फार कमी लोकांना हे माहीत असतं. कागदाच्या तळाशी १४४१६ लिहिलंय, तो टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो, मी एकदा पहाटे केलाय.

आता प्रवास. सासर कुडाळजवळ, गणपतीला जायचंच असतं, आणि माझ्यासारखीला गणपती म्हणजे परीक्षा. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी, गाडीत झोप नाही, गेल्यावर भजनं, फुगड्या, जागरण, आणि झोप मोडली की मी वर जाते हे ठरलेलं. त्यात आदल्या दिवशी हरतालिका, सासरी निर्जळी करतात. लिथियम चालू असताना पाणी आणि मीठ एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, म्हणजे निर्जळी उपास माझ्यासाठी नाहीच. पहिल्या वर्षी मी भीतीने कोणाला बोलले नाही आणि केला, संध्याकाळी हात एवढे थरथरले की आरतीचं ताट धरवेना. उलट्या, जुलाब, हात जास्त थरथरणं, चालताना झोक जाणं, असं काही झालं तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. नंतर सासूबाईंनीच मोठ्या जावेला सांगितलं, "ती पाणी पिणार, तिचं औषध तसं आहे." बस्स. तसंच कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, त्यानेही लेव्हल वाढते, माझ्या डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल चालेल म्हणून सांगितलंय. तर प्रवासात ट्रेमधून लागतील तेवढ्या डब्या काढून पर्समध्ये टाकता येतात, हा या २६० वाल्याचा खरा फायदा, आणि रात्री दहाच्या आरतीनंतर मी डबी उघडते, गोळ्या घेते, आणि आतल्या खोलीत जाऊन झोपते, भजन चालू असलं तरी.

रक्त तपासणीच्या वेळीही उपयोग होतो. लिथियमची लेव्हल रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी बघतात, सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. आधी मी सवयीने सकाळी गोळी घेऊन लॅबमध्ये पोचायचे आणि आकडा चुकीचा यायचा. आता त्या दिवशीच्या सकाळच्या कप्प्यावर लाल टिकली लावते, कपाळाची, घरात असतेच.

खोड्या आहेत, त्या सांगते. वार इंग्रजी अक्षरांत छापलेत, त्यात टी दोन आणि एस दोन, मंगळवार गुरुवार रोज गोंधळ, आणि सासूबाईंना ते वाचताच येत नाही. मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून र सो मं बु गु शु श लिहिलं. आपल्याकडे विकायचा तर मराठीत छापायला काय हरकत आहे कळत नाही.

दुसरी खोडी मोठी, आणि ती पाकिटावर कुठेच लिहिलेली नाही. सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवायच्या नसतात. सोडियम व्हॅल्प्रोएट, जे आमच्यातले खूप जण घेतात, ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात गोळी चिकट होऊन जाते. ती स्ट्रिपसकट कापून कप्प्यात टाकायची, कडा टोचतात पण चालेल. लिथियममुळे माझा थायरॉइड मंदावलाय, त्याची गोळीही मी तिच्या बाटलीतच ठेवते उशाशी, तसंही ती उठल्या उठल्या चहाच्या आधी घ्यायची असते. तुमच्या गोळ्यांचं मेडिकलवाल्याला विचारून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

झाकणं मुलांना सहज उघडता येतात. नणंदेचा चार वर्षांचा मुलगा आला होता, त्याला ते रंग बघून जेम्सच्या गोळ्या वाटल्या. तेव्हापासून मुलं घरात असली की डबा वरच्या कपाटात.

आणि वाईट दिवसांबद्दल. लिथियम जास्त घेतलं तर जिवावर बेततं. मागे एका मंदीत मला मरायचे विचार येत होते तेव्हा मी स्वतःच नवऱ्याला म्हटलं की सगळ्या स्ट्रिपा तुझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेव आणि मला एका दिवसाची डबी दे. त्याने तीन आठवडे तसं केलं, रोज सकाळी एक डबी, संध्याकाळी रिकामी परत. सुट्या डब्यांचा डबा असल्यामुळे ते जमलं, ती लांब पट्टी असती तर जमलं नसतं. तुम्हाला तसे विचार येत असतील तर आठवड्याच्या गोळ्या जवळ ठेवू नका, कोणाला तरी द्या आणि १४४१६ लावा किंवा डॉक्टरकडे जा.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार इंग्रजी वारांचा आणि त्या न छापलेल्या सूचनेचा कापला. घेताना सुट्या डब्यांचा आणि पारदर्शक झाकणाचाच बघून घ्या, रंगीत झाकणांचा दिसायला छान असतो पण आतलं दिसत नाही, मग घरचे परत विचारायला लागतात.