संहितेचं पान कुठे तुटावं : वर्ड की लाटेक?

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो सांगलीत, आणि देवल शेजारच्या हरिपूरचे. अशा गावात नाटक लिहिणाऱ्यांची वाण नाही. त्यामुळे ‘संहिता पुस्तक म्हणून काढायचीय, कशात लावू?’ अशी विचारणा माझ्याकडे वरचेवर होते. पर्याय दोन : वर्ड, नाहीतर लाटेक, म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहून पानं लावायची प्रणाली. फॉन्ट, समास, पानाचा आकार यांत दोन्हीकडे काही अडत नाही, ते सोडून देतो. युनिकोड देवनागरी वर्डमध्ये नीट उमटते. झीलाटेक किंवा लुआलाटेक ही त्याची रूपं वापरली तर लाटेकमध्येही उमटते. फरक पडतो तो पान तुटण्याच्या जागी.

कादंबरीचा परिच्छेद दहा-बारा ओळींचा असतो. त्याची एखादी सुटी ओळ पानाच्या टोकाला राहिली नाही म्हणजे भागतं. संहितेत संवाद एक, दोन, तीन ओळींचे. रंगसूचना पुढच्या संवादाला धरून हवी. पदाच्या डोक्यावरची राग-तालाची ओळ पदापासून सुटता कामा नये, आणि कडवं मध्येच मोडू नये. उजव्या पानाच्या तळाशी प्रश्न आणि उत्तर पान उलटल्यावर, असं झालं की वाचनाच्या तालमीत सगळ्यांची लय जाते. डाव्या पानाच्या तळाशी तोच प्रश्न आला तर बिघडत नाही, नजर नुसती शेजारी जाते. हा उजव्या-डाव्याचा फरक दोन्हींना आपणहून कळत नाही, तो आपल्यालाच बघावा लागतो.

वर्डला कमी लेखू नये. रंगसूचनेच्या स्टाइलला ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्या परिच्छेदाला धरून ठेव) लावा, पदाच्या स्टाइलला ‘कीप लाइन्स टुगेदर’ (ओळी एकत्र ठेव), अंकाच्या शीर्षकाला ‘पेज ब्रेक बिफोर’ (आधी नवं पान). एवढ्यावर निम्मं काम होतं, आणि केलेलं लगेच समोर दिसतं. परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या टोकाला पडू न देणारं विडो-ऑर्फन कंट्रोल तर आधीपासून चालूच असतं. त्याचा संहितेत एक परिणाम होतो. पान तुटतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना परिच्छेदाच्या किमान दोन ओळी राहायला हव्यात असा त्याचा नियम असल्यामुळे तीन ओळींचा संवाद तुटूच शकत नाही. तो अख्खा पुढे जातो आणि तळाशी जागा रिकामी राहते. मग समोरासमोरची पानं वेगवेगळ्या उंचीवर संपतात. काहींना ते खुपतं, मला फारसं नाही.

मला खुपलं ते वेगळंच. वर्डच्या या सगळ्या सूचना ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा आहेत. ‘जमलं तर इथे तोड, नाही जमलं तर राहू दे’ असं त्याला सांगता येत नाही. प्रत्येक संवादाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावावं, तर साखळी पानापेक्षा लांब होते आणि ती सूचनाच निकामी ठरते. मग प्रश्नोत्तराची जोडी, टाळीचं वाक्य, एखाद्या पात्राची एंट्री अशा ठिकाणी माणूस हातानं कंट्रोल-एन्टर दाबून पान तोडतो. ती जमिनीत ठोकलेली मेख असते. संहिता मात्र जागची हलत असते. तालमीत वाक्यं बदलतात, दिग्दर्शक एखादं पात्र कापतात, शेवटच्या प्रुफात लेखकांना दुसऱ्या अंकात चार संवाद सुचतात. नाटक असंच घडतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ते चार संवाद आले की पुढचा मजकूर सात-आठ ओळी खाली सरकतो आणि ठोकलेली प्रत्येक मेख भलत्या जागी येते. एखाद्या पानावर सहा ओळी आणि खाली कोरं, दोन पानं पुढे पुन्हा तेच. सगळ्या मेखा हुडकून उपटायच्या, नव्यानं ठोकायच्या. पुढचं प्रूफ आलं की परत पहिल्यापासून. छापखान्यात हिशेब फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांच्या गठ्ठ्याचा. २०८ पानांचं पुस्तक १३ फर्म्यांत नेमकं बसतं. अशी अर्धी कोरी पानं साचून २१० झाली, की त्या दोन पानांसाठी निदान पाव फर्मा जोडावा लागतो, आणि तो खर्च बहुतेक वेळा हौशी संस्थेच्या खिशातून जातो.

लाटेकमध्ये हुकूम देता येतो तशी निव्वळ पसंतीही सांगता येते. ‘पेजब्रेक’ (इथे पान तोड) आणि ‘नोपेजब्रेक’ (इथे तोडू नको) या आज्ञांना ० ते ४ असा आकडा देता येतो. ४ म्हणजे हुकूम, त्याखालचे आकडे म्हणजे कमी-जास्त आग्रह. आतून हे सगळं दंडाच्या हिशेबानं चालतं. ‘नोपेजब्रेक’चा १ दिला तर तिथे तोडण्याला ५१ दंड, २ ला १५१, ३ ला ३०१, आणि ४ ला १००००, म्हणजे कधीच नको. ‘पेजब्रेक’ला हेच आकडे उलट्या चिन्हानं. परिच्छेदाची पहिली किंवा शेवटची ओळ एकटी पडली तर मुळातच १५० दंड असतो. म्हणजे तीन ओळींचा संवाद तुटू शकतो, फक्त तसं तुटणं सहसा टाळलं जातं. पान भरत आलं की लाटेक तळाजवळच्या जागा तोलून पाहतं आणि सगळ्यात स्वस्त पडेल तिथे तोडतं. प्रश्नानंतर मी ‘नोपेजब्रेक’चा ३ देतो, रंगसूचनेनंतर ४. पदाच्या कडव्यात ओळ तोडण्याच्या खुणेपुढे तारा टाकला की त्या ओळीनंतर पान तुटत नाही. लेखकांनी मध्ये चार संवाद वाढवले तरी यातलं काही हलवावं लागत नाही. पानाच्या मध्यावर आलेला आग्रह गप्प बसतो, तळाशी आलेलाच बोलतो.

यामागचं यंत्र जुनं आहे. लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकचं काम डोनाल्ड कनूथ यांनी १९७७-७८ मध्ये सुरू केलं. परिच्छेदाच्या ओळी ते एकत्र तोलून पाडतं, ती पद्धत कनूथ आणि प्लास यांनी १९८१ मध्ये मांडली. पानं मात्र एकेक करूनच तुटतात, कारण त्या वेळच्या संगणकांना अख्ख्या प्रकरणाची पानं एकदम तोलण्याइतकी स्मृती नव्हती. म्हणून पुढच्या पानावर काय वाढून ठेवलंय ते लाटेकला दिसत नाही, आणि अगदी शेवटी हात फिरवावाच लागतो. ‘लूजनेस’ या आज्ञेला उणे एक दिलं तर परिच्छेद एक ओळ कमी करायचा प्रयत्न होतो, पण तो लांब असावा लागतो आणि शेवटच्या ओळीत एखाद-दुसराच शब्द असावा लागतो. मराठीत शब्द लांब, त्यामुळे हे दर वेळी साधत नाही. मग समोरासमोरच्या दोन्ही पानांना ‘एनलार्जधिसपेज’नं एकेक ओळ वाढवून देणं बरं.

लाटेकची एक बाजू मलाही पटत नाही. दोन्ही बाजूंनी छापायच्या पुस्तकात ते सगळी पानं तळापर्यंत ताणतं, आणि तो ताण संवादांमधल्या अंतरात जातो. पातळ कागदावर मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या मध्ये दिसू लागतात. ‘रॅगेडबॉटम’ दिलं की ताण जातो, पण मग तळ वर्डसारखेच खालीवर होतात. शिवाय टंकलेखन करणाऱ्याला खुणा शिकवाव्या लागतात, आणि इथे सांगलीत हरभट रोडच्या आसपास रात्री आठ वाजता चूक सोडवून देणारा कोणी मिळेल याची खात्री नाही.

तेव्हा एकच एकांकिका असेल, तीस-चाळीस पानं, आणि मुख्यतः स्पर्धेसाठी प्रती काढायच्या असतील, तर माझ्या मते वर्ड पुरे. कंट्रोल-एन्टर तेवढं हाताशी ठेवू नका. तीन अंकी नाटक किंवा एकांकिकांचा संग्रह असेल, आणि लेखक शेवटच्या प्रुफापर्यंत बदल करणारे असतील, तर मला लाटेक बरं वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. म्हणून ठरवण्याआधी एकच प्रवेश, शक्यतो पद असलेला, दोन्हींत लावा. पानं मनासारखी तुटली की पहिल्याच संवादात पाच ओळी वाढवा आणि शेवटपर्यंत उलटून बघा.