बर्फाची खोली: प्लेयादची चित्रं की सेंटिनेल-१चं रडार?

पिरेनीज पर्वतातल्या एखाद्या घळीत वाऱ्याने बर्फ कुठे रचलाय हे पाहायचं, तर प्लेयाद या फ्रेंच उपग्रहांची स्टिरिओ जोडीच घ्या, म्हणजे एकाच जागेची दोन कोनांतून टिपलेली चित्रं. पिक्सेल अर्ध्या मीटरचा. अशा जोडीतून उंची-मॉडेल, म्हणजे जागोजागच्या उंचीचा नकाशा, बनतो. हिवाळ्याच्या मॉडेलमधून उन्हाळ्याचं मॉडेल वजा केलं की उरते ती खोली.

मेख आहे जुळवणीत. दोन्ही मॉडेलं उघड्या खडकांवर नेमकी बसवा. ४५ अंशांच्या उतारावर, उताराच्या दिशेने १ मीटर सरकलं की खोलीतही मीटरभर चूक. सगळं जमूनही साधारण अर्धा मीटर इकडेतिकडे होतंच, तेव्हा ३० सेंटीमीटरचा ताजा थर यात शोधू नका. खोली उणे आली? आधी उन्हाळ्यातली झुडपं तपासा. बर्फाखाली ती आडवी झोपतात. ढग आले की काम ठप्प.

सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार फुकट, आणि ढगांतूनही बघतं. पण खोलीचे नकाशे ५०० मीटर ते १ किलोमीटर पिक्सेलचे, म्हणजे आपली घळ त्यात हरवलीच. शिवाय बर्फ कोरडा हवा: वसंतात ओला झाला की रडारची ५.५ सेंटीमीटरची लहर शोषली जाते. उथळ बर्फातही भरवसा कमी. अख्ख्या पर्वतरांगेच्या अंदाजाला मात्र हेच परवडतं.

बर्फात पाणी किती याचा हिशेब हवा तर बर्फाची घनताही लागते. तिच्यासाठी फावडं घेऊन खड्डा खणायचा.