दांड्या भरलेल्या, आवाज फाटलेला: एका डिजिटल स्कॅनरचे परीक्षण

गेले वर्षभर मी हातात धरायचा एक डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर, म्हणजे इतरांची रेडिओ संभाषणे ऐकण्याचा रिसीव्हर, जवळजवळ रोज वापरत आहे. अशा स्कॅनरची पारख त्यात किती फ्रिक्वेन्सी साठवता येतात यावर न करता, तो कंट्रोल चॅनल, म्हणजे रेडिओ यंत्रणेच्या सूचना वाहणारा चॅनल, किती स्थिरपणे वाचतो यावर करावी, असे माझे मत झाले आहे.

साध्या स्कॅनरवर एक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक गट, असा सरळ हिशेब असतो. ट्रंकिंगमध्ये मात्र मोजक्या फ्रिक्वेन्सी अनेक गटांत सामाईक असतात. कोणी बोलण्याची कळ दाबली की यंत्रणा त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी त्याच्या टॉकग्रुपला (एकमेकांशी बोलणाऱ्या गटाला) देते आणि तशी सूचना कंट्रोल चॅनलवरून प्रसारित करते. ती वाचून स्कॅनर तिकडे वळतो आणि बोलणे संपताच परत येतो. पी-२५ या डिजिटल रेडिओ मानकामध्ये या चॅनलचा वेग सेकंदाला ९६०० बिट असतो. माझा स्कॅनर तो बहुधा अचूक वाचतो. क्वचित संभाषणाचा पहिला शब्द तेवढा हातचा जातो.

खरी अडचण सायमलकास्टची आहे. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तोच संदेश एकाच वेळी पाठवतात, पण अंतर वेगवेगळे असल्याने लहरी थोड्या मागेपुढे पोहोचतात. सिग्नलमध्ये सेकंदाला ४८०० चिन्हे (प्रत्येकात दोन बिट), म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला जेमतेम २०८ मायक्रोसेकंद. तेवढ्यात काही दशक मायक्रोसेकंदांची तफावतही चिन्हे एकमेकांत मिसळून टाकते. पडद्यावर सिग्नलच्या दांड्या पूर्ण भरलेल्या आणि आवाज मात्र फाटलेला, हा प्रकार त्यामुळे होतो. मी आधी मोठा अँटेना लावला आणि त्रास वाढला! लहान अँटेना लावून, सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर चालू करून दोन पावले सरकल्यावर आवाज स्वच्छ झाला. आय-क्यू पद्धतीचा (लहरीची तीव्रता आणि कला दोन्ही टिपणारा) रिसीव्हर असलेले स्कॅनर याबाबतीत सरस ठरतात, त्यामुळे सायमलकास्टच्या क्षेत्रात राहणाऱ्याने त्यावर पैसे वाचवू नयेत.

पी-२५ च्या दुसऱ्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर दोन टाइमस्लॉट असतात, म्हणजे दोन संभाषणे आळीपाळीने वेळ वाटून घेतात. ते वाचण्याची सोय नसलेला स्कॅनर तेथे निरुपयोगी आहे.

वापरताना सर्वात उपयोगी पडला तो आयडी सर्च, म्हणजे चालू असलेल्या टॉकग्रुपचे क्रमांक शोधण्याची सोय. टॉकग्रुपचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने शक्य क्रमांक पासष्ट हजारांवर जातात. सर्च चालू ठेवून, जे क्रमांक वारंवार येतात त्यांना मी नावे दिली. पहिल्या आठवड्यात सगळेच ऐकण्याचा हव्यास धरला आणि कोणतेही संभाषण पूर्ण ऐकू आले नाही. आता बारा टॉकग्रुप ठेवले आहेत, बाकीचे अव्हॉइड करून वगळले आहेत आणि काही घडत असेल तर त्याच टॉकग्रुपवर थांबण्यासाठी होल्ड दाबतो.

एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेला टॉकग्रुप मात्र कोणताही स्कॅनर उघडून देत नाही. तसा दावा करणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. स्कॅनर बाळगण्याचे आणि ऐकण्याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत. ते खरेदीपूर्वी पाहावेत.

एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि संगणक यांची जोडी पुष्कळ स्वस्त पडते, शिवाय ती अनेक टॉकग्रुप एकाच वेळी ध्वनिमुद्रित करू शकते, तर हा स्कॅनर एका वेळी एकच ऐकवतो. एका जागी बसून नोंदी ठेवणाऱ्याला मी तीच सुचवीन. मी स्कॅनरच ठेवणार आहे, कारण आवाज फाटू लागला की तो हातात घेऊन दोन पावले सरकता येते.