चार महिने एका नायिकेने छळलं त्याची गोष्ट

जूनमध्ये पणजीत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून साठ रुपयांना एक इंग्रजी प्रेमकादंबरी उचलली. १९९९ ची, लंडनमधली, मलपृष्ठावर 'हसून हसून पुरेवाट' छापाची स्तुती. रायबंदरला फेरीबोटीची वाट बघायची, पलीकडे चोडणला उतरायचं, तेवढ्यात चार पानं होतील असा हिशोब. चवथ येऊन गेली, दसरा तोंडावर आला, तेव्हा कुठे संपली.

पावसात पुस्तक फुगलं, कडांना बुरशी धरली. दोनदा फ्रिजमागच्या उबेला उभं करून सुकवलं. एवढे लाड मी चांगल्या पुस्तकांचेही केलेले नाहीत.

नायिका बत्तीस वर्षांची. चुलत बहिणीच्या लग्नात नातेवाइकांची तोंडं बंद करायला 'माझं ठरलंय' अशी थाप मारते. नायक ते ऐकतो आणि सभ्यपणे बाजूला होतो. झालं. पुढची तीनशे पानं बाई 'नाही हो, मी खोटं बोलले' हे एक वाक्य बोलत नाही. बोलता आलं असतं अशा जागांवर मी पेन्सिलने फुल्या मारत गेले. अकरा भरल्या. एकदा तर दोघं लिफ्टमध्ये वीस मिनिटं अडकतात आणि ही चपलेच्या तुटलेल्या टाचेवर बोलते!

बोटीत रोज भेटणाऱ्या काकींना मी कथा सांगत असे. सातव्या फुलीला त्या म्हणाल्या, "मागीर ती सांगना कित्याक?" (मग ती सांगत का नाही?) समीक्षा तिथेच संपली खरं तर.

जुनेपणाबद्दल माझी तक्रार नाही, उलट तोच भाग गोड आहे. घरी आल्या आल्या ती १४७१ फिरवते. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ही सोय होती, शेवटचा फोन कुठल्या नंबरवरून आला ते कळायचं. आपण एसटीडी बूथच्या काचेआड मीटरकडे बघत बोलायचो, त्या दिवसांची आठवण झाली. ऑफिसात बसल्या जागी सिगारेटी ओढतात, तेही समजू शकते, इंग्लंडमध्ये त्यावर बंदी आली ती २००७ च्या जुलैत.

पण बॉस तिच्या स्कर्टवर शेरे मारतो आणि लेखिका ते लाडिक चाळे म्हणून खपवते, तिथे डोकं फिरलं. 'तेव्हा चालायचं' म्हणू नका. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ सालचा, या पुस्तकाच्या दोन वर्षं आधीचा. जाड मैत्रीण तर फक्त केक खाताना दाखवण्यापुरती आहे.

नायिकेची धांदल, रडारड, पैशांचा घोळ हे सगळं आपल्याला गोंडस वाटावं अशी लेखिकेची इच्छा दिसते. मला मात्र तिला खुर्चीवर बसवून पाणी द्यावं आणि नायकाला आपणच फोन लावावा, असं वाटत राहिलं. शेवटी सत्य तिच्या तोंडून बाहेर पडतच नाही, दुसराच कुणीतरी सांगतो. चार महिने थांबून हे!

आजी तेवढी फर्मास. बहिरेपणाचं सोंग घेऊन सगळ्यांची गुपितं ऐकते. तिच्या वाट्याला जेमतेम नऊ पानं. पाचापैकी दोन तारे, दोन्ही आजीचे.

पुस्तक दुकानात परत देतेय. आधीच्या कुणीतरी ११८ व्या पानात खूण म्हणून कदंबा बसचं तिकीट ठेवलं होतं, त्यापुढची पानं कोरी करकरीत. तिकीट होतं तिथेच परत ठेवलंय. फुल्याही खोडल्या नाहीत.