चिरलेल्या नखाला सिल्क रॅप की बिल्डर जेल?

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या पार्लरमध्ये हे हमखास ऐकू येतं: "ताई, बाकीची नखं बरी आहेत, हे एकच उभं चिरलंय. मेहंदीच्या आधी काही होईल का?" कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलेलं असतं, नाहीतर बिबड्यांच्या दिवसांत हात सतत ओले राहून नखाचे पापुद्रे सुटलेले असतात. अशा नखाला सिल्क रॅप (नखावर ग्लूने चिकटवलेलं पातळ रेशमी कापड) आणि बिल्डर जेल (लॅम्पखाली कडक होणारं दाट जेल) हे दोनच उपाय विचारात घ्यावेत, असं मला वाटतं. अॅक्रिलिक कमजोर नखावर फार ताठ बसतं.

चीर जिवंत मांसापर्यंत गेली असेल, दाबल्यावर दुखत असेल, लाली, पू किंवा हिरवट डाग असेल, नख खालून सुटलं असेल, तर दोन्ही नकोत. नखावर नवीच उभी काळपट रेघ दिसली तरी आधी चर्मरोगतज्ज्ञ.

टिकाऊपणात जेल पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. रोज कळण्याचं पीठ मळणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या हातावर ते साधारण तीन आठवडे निभावतं. दहाही नखं पातळ होऊन पापुद्रे सुटत असतील, तर जेलचा विचार जरूर करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र ते पातळ होऊन कडेच्या कातडीवर ओघळतं, आणि न सुकलेलं जेल कातडीला वारंवार लागलं की अॅलर्जी जडू शकते. डबी गार जागी ठेवा, एका वेळी एकच नख घ्या आणि दहा सेकंद लॅम्पखाली धरून मगच पुढचं. थर जाड झाला तर लॅम्पमध्ये चटका बसतो, आणि चिरलेल्या नखाला तो जास्तच झोंबतो.

हे सगळं सांभाळता येतं. मला खटकतं ते इनफिल, म्हणजे नख वाढलं की जुनं जेल घासून मोकळी जागा नव्या जेलने भरणं. तीन आठवड्यांनी जुनं जेल घासायला घेतलं की पारदर्शक जेल कुठं संपलं आणि नख कुठं सुरू झालं, ते दिसत नाही. धूळ उडत असते, हात सवयीने चालत असतो, आणि चिरेच्या कडेला नख आधीच पातळ. फाइल किंवा ड्रिल नेमकी तिथेच खोल जाते. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे अर्ध्यापर्यंत गेलेली चीर बाहेर पडायला दोन-तीन महिने, कधी जास्तही लागतात. तेवढ्या काळात तीन-चार इनफिल होतात, आणि दर वेळी घासणी त्याच दुबळ्या जागेवर.

सिल्कमध्ये ही घासणीच टळते. अॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवलं की रेझिन (कापडावरचं दाट ग्लू) मऊ पडतं, लाकडी काडीने कापड अलगद सरकतं आणि नखाची जाडी शाबूत राहते. माझा कल इथेच ठरला.

बसवताना नख आखूड करा, २४० ग्रिटच्या बफरने फक्त चकाकी काढा, नखावरचं तेल आणि ओल काढणारं डिहायड्रेटर लावा. मेहंदीचं तेल नखाला लागण्याआधी हे काम उरकलेलं बरं. चिरेत पातळ ग्लूचा एक थेंब सोडून कडा जुळवून धरा. चिरेवर दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर पुढे जाईल अशी कापडाची पट्टी लावा, त्यावर पूर्ण नखाचं कापड. ते क्यूटिकल (नखाच्या मुळाकडची कातडी) आणि दोन्ही कडांपासून दीड मिलिमीटर आत कापा, आणि चिकट बाजूला बोट लावू नका. मग रेझिनचे दोन पातळ थर. रेझिन चटकन सुकवणारा अॅक्टिव्हेटर साधारण फूटभर अंतरावरून फवारा. जवळून मारला तर चटका बसतो आणि बुडबुडे येतात. शेवटच्या घासणीत धागा उघडा पडला तर त्याच वाटेने पाणी शिरतं, म्हणून वरचा थर नीट झाकलेला हवा. आणि सांडलेलं ग्लू कापसाने कधीच पुसू नका. कापूस आणि हे ग्लू एकत्र आले की भाजण्याइतकी उष्णता निघते.

सिल्कची उणी बाजू पाण्याची. भांडी हातमोज्याशिवाय घासणाऱ्या बाईचा रॅप आठ-दहा दिवसांतच कडेने उचकटू लागतो. दोन आठवड्यांनी ग्लूचा थर, चार आठवड्यांनी वाढलेल्या भागावर नवं कापड, एवढी देखभाल ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. लॅम्प लागत नसल्याने वीज गेली तरी काम अडत नाही, हा आपल्या भागात लहान फायदा नाही.

एकच नख चिरलं असेल आणि ग्राहक पंधरा दिवसांनी पुन्हा येणारी असेल, तर मी सिल्क सुचवेन. परगावाहून माहेरी आलेली, महिनाभर पार्लरची वाट न धरणारी असेल, तर जेल लावायला हरकत नाही. फक्त ते उचकटून काढायचं नाही, अॅसिटोनने सुटणारं जेलच निवडायचं आणि इनफिल न करता पूर्ण काढून नवं बसवायचं. बोट चेंगरून मुळालाच इजा झालेली असेल, तर चीर प्रत्येक नव्या वाढीबरोबर परत येऊ शकते. अशा ग्राहकाला नख जुळून येईल असं सांगू नका. रॅप सतत ठेवावा लागेल, हेच सांगा.